वाकलेल्या माणसाचं माप

वोल्वेल्ड गावच्या ओदिल हाजेब्रूकला धक्का बसणं आवडत नसे. चोपन्न वर्षांच्या आयुष्यात दोन महायुद्धं गावावरून गेली होती, पण त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात आधी काहीतरी छापून आलं होतं. न कळवता येणाऱ्या गोष्टींचा त्याला तिटकारा होता.

तो शिंपी होता आणि शिंप्याचा मुलगा होता. लहानपणी चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनला घालायचा पोशाख, लग्नाचा सूट, रविवारचा सूट, आणि शेवटी जो घालून झोपवतात तो सूट, असे गावातल्या पुरुषाच्या आयुष्यातले चारही कपडे हाजेब्रूकांच्याच दुकानातून जात. प्रत्येकात आतल्या बाजूला काळ्या पट्टीवर लाल रेशमात विणलेलं नाव असे : हाजेब्रूक आणि पुत्र. दुकान हाती देताना बापाने एकच अट घातली होती. हे नाव लागलेला कपडा तक्रार घेऊन दारातून परत आत येता कामा नये. म्हणून नाव सगळ्यात शेवटी लागायचं, गिऱ्हाइकाने कपडा एकदा घालून पाहिल्यावर आणि ‘ठीक’ म्हटल्यावर. एकतीस वर्षांत एकही कपडा परत आला नव्हता. पट्टीवरचा ‘पुत्र’ ओदिलच होता. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. म्हणजे त्या नावाची अब्रू आता दोन हातांवर उभी होती, आणि त्यातल्या डाव्या हाताला संधिवात सुरू झाला होता.

ब्रसेल्सला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं त्या वर्षीच्या, १९५८च्या, फेब्रुवारीत कामील खाटीक दुकानात आला. कामील ‘पाकोळी’ सायकल मंडळाचा अध्यक्ष. मंडळात माणसं बारा, मुक्काम गोदेलीव्हच्या कॅफेत.

“ओदिल, बारा जणांचे सायकलीचे कपडे शिवायचेत,” कामील म्हणाला. “गेंटच्या दुकानात जाऊन आलो. तिथे सगळं काठ्यांच्या मापाचं. माझ्या एका मांडीत त्यांची आख्खी चड्डी संपते.”

ओदिलच्या ओठांत चार टाचण्या होत्या. त्या तशाच ठेवून तो बोलत असे. “चड्डी?”

“अर्ध्या मांडीपर्यंत. घट्ट. वर सदरा. मे महिन्यात पेंटेकॉस्टच्या सणाच्या सोमवारी ओस्टेंडला जायचंय, समुद्रापर्यंत आणि परत. औदेनार्देचं मंडळ येणार, रॉन्सेचं येणार, सगळे बघणार. आणि हे बघ, चड्डीच्या आत काही घालायचं नाही.”

एक टाचणी खाली पडली. असं पूर्वी एकदाच झालं होतं, १९४०च्या मे महिन्यात, दुसरं युद्ध गावात शिरलं तेव्हा.

“काही म्हणजे काहीच नाही?”

“शिवण घासते ना आतली.”

“अरे पण लोक काय म्हणतील?”

“लोकांना कुठे दिसतंय?”

“मला ठाऊक असेल ना!” ओदिल म्हणाला. “चर्चमध्ये तू माझ्या पुढच्याच बाकावर बसतोस.”

काम मात्र त्याने घेतलं, कारण कामीलच्या सगळ्या बोलण्यातले दोनच शब्द त्याच्या कानात राहिले होते, ते म्हणजे ‘सगळे बघणार’. त्याने बाराही जणांना तीन आरशांसमोर ताठ उभं केलं आणि माप घेतलं. गडद निळं बारीक लोकरीचं कापड आणलं. चड्डीला समोर इस्त्रीची धारदार घडी, आत रेशमी अस्तर, चार बटणांची पट्टी, घड्याळाचा छोटा खिसा. सदऱ्याला कॉलर, आणि छातीवर डाव्या बाजूला खिसा, त्यावर पांढऱ्या दोऱ्याची पाकोळी. त्याची बायको आलिदा पँट्स शिवायची. बाराही चड्ड्या तिच्याच हातच्या, आणि घडी कशाला असं तिने एकदा विचारलं होतं. “पँटला घडी असते,” असं उत्तर मिळालं होतं.

कपडे घालून बारा माणसं रांगेत उभी राहिली तेव्हा ती गुडघ्यापासून खाली कापलेल्या बँक अधिकाऱ्यांसारखी दिसत होती. गोदेलीव्ह कॅफे सोडून बघायला आली. ही माणसं आपापल्या लग्नातही इतकी देखणी दिसली नव्हती, असं ती म्हणाली. ती त्यातल्या नऊ लग्नांना हजर होती.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमधली मास संपल्यावर, मंडळ ऐंशी किलोमीटरची रपेट मारायला निघालं. ओदिल दारात उभा राहून त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघत राहिला. नाव उद्या सकाळी लावायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. बारा पट्ट्या मोजून काढूनही ठेवल्या होत्या.

तीन वाजता मंडळ परत आलं, सायकली हातात धरून. नदीपासून ते चालतच आले होते, पाय फाकवून, खालून कुणी घोडा काढून घेतलाय आणि अजून सांगितलेलं नाही अशा चालीने. कुणी गात नव्हतं. गोदेलीव्हने खुर्च्या ओढल्या तर बाराही जण बिअर उभ्यानेच प्यायले.

सोमवारी सकाळी दुकानाच्या टेबलावर खाकी कागदात बांधलेली बारा पुडकी येऊन पडली. ओदिलच्या ओठांतून चारही टाचण्या पडल्या. आलिदाने त्या वाकून उचलल्या आणि मोजून त्याच्या हातात दिल्या.

“बस ना,” तो कामीलला म्हणाला.

“नको.” कामीलने टोपी हातात फिरवली. “ओदिल, चड्डी सुंदर आहे. मला पुरताना हीच घाला. पण जिवंतपणी तिच्यात बसता येत नाही.”

फिर्मिन पोस्टमनही सोबत होता. तो म्हणाला, “आणि माझा चीजचा केक पडला. वाकलो की छातीवरचा खिसा उलटा होतो.”

“मग वाकतोस कशाला?”

“सायकलवर?” फिर्मिन म्हणाला.

ओदिलने कामीलकडे पाहिलं. कामील जमिनीकडे बघत होता. ओदिलच्या ध्यानात आलं की आपण काहीतरी असं बोललोय, जे आता संध्याकाळपर्यंत कॅफेत पोहोचणार.

नाव लावलं नव्हतं, तेव्हा बापाची अट मोडलेली नाही, असं तो तीन दिवस स्वतःला समजावत होता. चौथ्या दिवशी आलिदाने सुई खाली ठेवली.

“तू माणसांना उभं करून माप घेतोस,” ती म्हणाली. “या गावात उभं असतं कोण? चर्चमध्ये बसतात, गोदेलीव्हकडे बसतात, सायकलवर वाकतात. उभा असतो तो फक्त तुझा लाकडी पुतळा. त्याने कधी तक्रार केलेली नाही, हे मला मान्य आहे.”

“मग काय करू?”

“फिर्मिनकडून सायकल घे आणि कामीलच्या मापाची नको, स्वतःच्या मापाची चड्डी आणि सदरा शिवून घाल. आत काही न घालता.”

ओदिलने तीसेक वर्षांत सायकलला पाय लावला नव्हता. शेवटच्या घरापर्यंत तो ओव्हरकोट घालून गेला. गाव संपल्यावर कोट घडी करून बांधला आणि नदीकडच्या दगडी रस्त्याला लागला. रस्ता नऊ किलोमीटरचा. सगळा उभ्या दगडांचा, बादशहांच्या काळात बसवलेला, आणि त्यानंतर कुणी त्याच्याकडे वळून पाहिलेलं नाही.

पहिल्या दोनशे मीटरमध्ये त्याचे दात एकमेकांवर आपटले. पहिल्या किलोमीटरला त्याला स्वतःच्या कामाची एकेक ओळख पटू लागली. पँटच्या ज्या जागेला शिंपी आसन म्हणतात तिथे चार शिवणी एकत्र येतात. ही गाठ पक्की बसावी म्हणून हाजेब्रूकांकडे ती दुहेरी मारत. बापाची शिकवण. ती गाठ किती पक्की आहे हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. घडीची धार मांडीच्या आतल्या बाजूला फिरली होती आणि तिथे पात्यासारखी चालत होती. रेशमी अस्तर घामाने गोळा होऊन नको तिथे जाऊन बसलं होतं. सदरा मागून वर चढून कंबर उघडी पडली होती आणि पुढून पोटावर इतका गोळा झाला होता, की एखादी उशी पोटाशी धरून चालवतोय असं वाटावं. चार बटणांपैकी प्रत्येकाचं नेमकं स्थान तो डोळे मिटून सांगू शकला असता. सांगण्याची इच्छा मात्र नव्हती.

नदीवर पोहोचून तो उतरला आणि बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. एकतीस वर्षं आपण आरशासाठी कपडे शिवत होतो, हा विचार तिथे त्याला आला. विचार एकटाच आला असता तर त्याने परतवून लावला असता. पण त्याच्यासोबत दुखणंही होतं.

तो चालत परतला आणि दुपारचं सूप उभ्यानेच प्यायला. आलिदाने खुर्चीवर दोन उश्या ठेवल्या. थोड्या वेळाने तिसरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी रॉन्सेहून काळी विणीव लोकर आली, ताणली की ताणते आणि सोडली की जागेवर येते अशी. हातमोजे करणाऱ्याकडून हरणाचं मऊ कातडं आलं. त्याचा एकसंध, बिनशिवणीचा तुकडा आसनाच्या आत बसवायचा. कातडं धुतल्यावर कडक होतं म्हणून आलिदा त्याला चरबीचं मलम चोळून पुन्हा मऊ करून बघत होती. खिसे छातीवरून उठून सदऱ्याच्या मागे, कमरेच्या खाली गेले. पण खरा प्रश्न मापाचा होता. ओदिलने कामीलला बोलावलं, कापायच्या टेबलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, “हात ठेव. वाक. सायकलवर वाकतोस तसा.”

कामील वाकला. ओदिल त्याच्या मागे टेप घेऊन गुडघ्यांवर बसला. दुकानाची मोठी खिडकी रस्त्यावर होती, आणि नेमके त्याच वेळी फादर आपल्या झग्याची किनार दुरुस्त करून घ्यायला आत आले.

सगळे होते तसेच राहिले.

“ओदिल,” फादर म्हणाले, “हे काय चाललंय?”

“माप, फादर.”

“कशाचं?”

“बसण्याचं.”

फादरनी कामीलकडे पाहिलं. कामील टेबलाकडे बघून म्हणाला, “गुड मॉर्निंग, फादर.”

“असे किती जण आहेत?”

“बारा,” ओदिल म्हणाला.

फादरनी प्रभूच्या शिष्यांचाच हा आकडा ऐकून क्रूसाची खूण केली. पडदा ओढून घेता येईल का, एवढंच विचारून ते गेले, झगा हातातच घेऊन.

ओदिलने पडदे ओढले. तेवढ्यावर भागेना. वाकलेल्या अंगावर कच्चा सदरा टाचून झाला की जो तो सरळ होई आणि आरशात बघून म्हणे, “अरे, हे मागून शेपटासारखं लोंबतंय.” वाकल्यावर जे बरोबर बसतं ते उभ्याने लोंबतंच. बाराही जणांना हे समजावण्यापेक्षा त्याने तिन्ही आरशांवर चादरी टाकल्या.

तासाभरात गोदेलीव्ह काळे कपडे घालून, हातात मनुक्यांचा पाव घेऊन दारात उभी. डोळे रडून लाल. वोल्वेल्डमध्ये पडदे ओढून आरसे झाकतात ते एकाच कारणासाठी.

“आलिदा, अगं कोण गेलं?”

“कुणी नाही. आरसा गेला,” आलिदा म्हणाली. “ये, पाव कापू या.”

गोदेलीव्हला आत सहा माणसं टेबलाभोवती वाकून उभी दिसली. ती खाली बसली. पाव तिनेच निम्मा संपवला.

कपडे तयार झाले. बारा माणसं त्यात उभी राहिली तेव्हा ओदिलने डोळे मिटून घेतले. पुढून सदरे आखूड, मागून लांब. चड्डीच्या बुडाशी कातड्याचा फुगवटा, लंगोट बांधलेल्या बाळांसारखा. वर खांद्यांवरून जाणारे पट्टे. फिर्मिन ऐन उभ्यानेही किंचित वाकल्यासारखा दिसत होता, काहीतरी हरवलंय आणि तो शोधतोय असा. याहून कुरूप कपडा हाजेब्रूकांच्या दुकानातून कधी बाहेर पडला नव्हता.

ईस्टरनंतर तीन रविवार मंडळ ते घालून फिरलं. तिन्ही रविवारी बसून परतलं. कुणाची काही तक्रार नाही. कामील लाकडी बाकावर धपकन बसून दाखवी आणि म्हणे, “ठीक!”

म्हणजे आता नाव लावायचं होतं. ओदिल दोन दिवस पट्ट्या हातात घेऊन बसला. बापाचं नाव या शेपटाला लावायचं? पण नाव नसलेला कपडाही दुकानातून कधी गेला नव्हता. पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी त्याने बाराही चड्ड्यांना मागे कमरेच्या मध्यभागी, आतून, पट्ट्या शिवल्या. चारही बाजूंनी, दुहेरी टाका.

“इतकं घट्ट?” आलिदाने विचारलं.

“सुटू नये म्हणून.”

सोमवारी पहाटे पाचला ते निघाले. संध्याकाळी सहाला ओदिल गोदेलीव्हच्या कॅफेत खिडकीशी बसला होता. ओठांत सवयीने चार टाचण्या. दूरवरून आधी गाणं ऐकू आलं, मग माणसं दिसली, बाराही जण सीटवर बसलेले. कपड्यांवर वाळू, मिशांवर समुद्राचं मीठ. औदेनार्देच्या मंडळातले निम्मे लोक म्हणे ब्रूखेहून आगगाडीने परतले.

“ठीक?” ओदिलने विचारलं.

“ठीक!” बाराही जण एकदम म्हणाले. जरा जास्तच एकदम म्हणाले.

कामील बिअरचा ग्लास घ्यायला काउंटरवर वाकला तेव्हा सदरा वर आणि चड्डीची कड खाली सरकली. गोदेलीव्ह त्याच्या मागून रिकामे ग्लास गोळा करत येत होती. तिचा हात थांबला.

“कामील, तुझ्या पाठीला काय झालंय?”

“काही नाही.” कामील सरळ झाला. त्याच वेळी त्याच्या तोंडून जे ‘आई गं’ निघालं ते सगळ्यांनी ऐकलं.

ओदिल उठला. त्याने कामीलला धरून काउंटरकडे पाठ करून उभं केलं, सदरा उचलला आणि चड्डीची कड खाली केली. कमरेच्या मध्यभागी सोललेला लाल चौकोन होता, पट्टीच्या मापाचा. टाके मोजता आले असते. मधली अक्षरं उलटी उमटली होती. काउंटरमागच्या कपाटाच्या आरशात ती सुलट वाचता येत होती.

“फिर्मिन, फिर,” ओदिल म्हणाला.

फिर्मिन फिरला. मग एकेक करत सगळे फिरले आणि सदरे वर, चड्ड्यांच्या कडा खाली केल्या. ओदिलच्या समोर बारा पाठी होत्या आणि प्रत्येकीवर त्याच्या बापाचं नाव होतं. टाचण्या केव्हा पडल्या ते त्याला कळलं नाही. एक गोदेलीव्हला दुसऱ्या दिवशी सापडली.

“कधीपासून?”

“समुद्रावर पोहोचायच्या आधीपासून,” फिर्मिन म्हणाला.

“आणि तसेच परत आलात? ऐंशी किलोमीटर?”

“परत यायचंच होतं.”

“अरे, कामील, तू खाटीक आहेस! तुझ्या खिशात चाकू असतो. कापून का नाही टाकलंत?”

कामीलने घसा साफ केला. “तुझी अट सगळ्या गावाला ठाऊक आहे. परत आणायचं नाही. तिकडे समुद्रावर आम्ही ठरवलं, ओदिलला सांगायचं नाही. आणि कापायचं म्हणशील तर... माझ्या बापाला ज्या सुटात पुरला त्यात हेच नाव होतं. त्याच्यावर मी चाकू चालवू?”

ओदिलने कामीलचा सदरा नीट खाली ओढला. ही माणसं आजवर आपल्याला हसतात असा त्याचा समज होता. हसतही होती. पण त्याच माणसांनी त्याचं नाव पाठीवर सोलून घेतलं होतं, आणि वर ‘ठीक’ म्हणाली होती. इतका मोठा धक्का त्याला आयुष्यात बसला नव्हता, आणि वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल काहीही आलेलं नव्हतं.

त्याने बंडीच्या खिशातून छोटी कात्री काढली.

“बिलियर्डच्या टेबलाशी,” तो म्हणाला. “हात ठेवा. वाका.”

बारा माणसं टेबलाभोवती वाकली. ओदिलने कामीलपासून सुरुवात केली. स्वतःचा दुहेरी टाका उसवायला शिंप्याला फार वेळ लागतो, विशेषतः खाली कातडी सोललेली असताना. त्याने प्रत्येक टाका वेगळा कापला, दोरा चिमटीत धरून ओढला. मध्येच कुणी “हळू रे, बाबा” म्हणे. कुणी नुसतंच टेबलाच्या हिरव्या कापडात तोंड खुपसे. बारावी पट्टी निघाली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. आलिदा दारात येऊन उभी होती, हातात मलमाचा डबा. तो चड्डीच्या कातड्यासाठी आणलेला होता. तिने तो गोदेलीव्हकडे दिला.

“कपडा काही परत आला नाही,” घरी जाताना ती म्हणाली. “नुसतं नाव परत आलं.”

“हो,” ओदिल म्हणाला. त्याच्या खिशात बारा पट्ट्या होत्या. घरी गेल्यावर त्याने त्या बटणांच्या डब्यात टाकल्या, आणि रविवारच्या सुटांसाठी ठेवलेल्या नव्या पट्ट्यांत मिसळू नयेत म्हणून डब्याचं झाकण दोऱ्याने बांधलं. पाकोळीवाल्यांना पुढे दरवर्षी नवे कपडे मिळाले. त्यांच्यात कुठेही नाव नव्हतं. आपण आजवर शिवलेलं सगळ्यात चांगलं काम कुणाचं हे कुणालाच कळणार नाही, याची त्याला त्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत रोज टोचणी लागे.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी दुकानाचं दार उघडलं. अनोळखी माणूस, पन्नाशीचा, पँटच्या पायांना सायकलस्वारांच्या क्लिपा. वोल्वेल्डचा नव्हता, आसपासच्या कुठल्याच गावचा नव्हता. ओदिल टाचण्या ओठांत धरून खडूने खूण करत होता. माणसाने टोपी काढली. तीन आरशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट कापायच्या टेबलाशी गेला, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि वाकला.

ओदिलने आलिदाकडे पाहिलं. आलिदा उठली आणि पडदा ओढायला गेली.

त्याने गळ्यातला टेप काढला. टाचण्या चारही जागच्या जागी होत्या.

“दुखतं कुठे?” त्याने विचारलं.